आधी प्रत, मग दुरुस्ती

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने जगातील पहिली हार्ड डिस्क जाहीर केली. ती घडली होती आपल्या सनीव्हेलशेजारच्या सॅन होजे शहरात. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि त्यांवर मावणारी अवघी पन्नास लाख अक्षरे! पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. आपल्या घरांत मात्र त्या आता एकत्र आल्या आहेत. दीक्षा सोहळा पाहिलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखती, गावच्या विहाराची छायाचित्रे, कॅसेटवरून उतरवून घेतलेली भीमगीते, नामांतर लढ्याची पत्रके, जयंतीच्या स्मरणिका हे सारे आपण तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कमध्ये ठेवतो आणि निश्चिंत होतो. ही निश्चिंतता निराधार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एके दिवशी ती डिस्क जोडताच संगणक सांगतो, 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा'. येथे घाई घातक ठरते. या सूचनेचा अर्थ फायली नाहीशा झाल्या असा बहुधा नसतो. त्या कोठे आहेत हे सांगणारी नोंदवही बिघडलेली असते. तेव्हा 'नाही' म्हणावे. प्रथम केबल बदलावी, आणि मधला हब काढून डिस्क थेट संगणकाला जोडून पाहावी; अपुऱ्या वीजपुरवठ्यामुळेही अशीच लक्षणे दिसतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर ती तत्काळ बंद करून तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे सोपवावी. प्रत्येक नवा प्रयत्न तबकडीवर नवा ओरखडा उमटवू शकतो.

आवाज नसेल, तर दुरुस्तीआधी 'डीडीरेस्क्यू'सारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या, निरोगी डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. विंडोजमधील 'चेकडिस्क' ही आज्ञा नोंदवही सुसंगत करते. त्या ओघात न जुळणाऱ्या नोंदी ती छाटूनही टाकते. तिचे काम व्यवस्था लावण्याचे आहे, आजीचा आवाज वाचवण्याचे नव्हे. हीच डिस्क मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालावी म्हणून आपण ती बहुधा 'एक्सफॅट' पद्धतीने तयार करतो. या पद्धतीत अर्धवट राहिलेल्या लेखनाची वेगळी नोंद ठेवली जात नाही. म्हणून फायली उतरत असतानाच केबल ओढली, तर हानीची शक्यता वाढते.

एकाच ठिकाणी ठेवलेल्या ठेव्याचे काय होते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगावे लागू नये. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होती. जानेवारी १९६७ मध्ये दिल्लीच्या २६, अलीपूर मार्ग येथील निवासस्थानातून सामान बाहेर काढले गेले आणि कित्येक कागद पावसात भिजून नष्ट झाले. महाराष्ट्र शासनाने प्रकाशन समिती नेमली ती १९७६ मध्ये. पहिला खंड निघाला १४ एप्रिल १९७९ रोजी. 'रिडल्स इन हिंदुइझम' वाचकांसमोर यायला तर १९८७ उजाडले. वसंत मून यांच्यासारख्या संपादकांनी अपार कष्टाने जे वाचले ते जुळवले; जे भिजले ते मात्र कोणालाच जुळवता येणार नव्हते.

'आमचे सारे क्लाउडवर आहे' असे उत्तर काही कुटुंबे देतात. परंतु केवळ समक्रमण करणारी सेवा बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचवते, आणि घरातील एकाच व्यक्तीला ठाऊक असलेला पासवर्ड त्या व्यक्तीबरोबरच जातो. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर, हा जाणकारांचा साधा नियम आहे. आपण त्याला सामाजिक रूप द्यावे, असे आम्ही सुचवतो. सनीव्हेलच्या कुटुंबाची एक प्रत नागपूरच्या नातेवाइकांकडे असावी आणि त्यांची येथे. फायलींचे चेकसमही जपावेत, म्हणजे नकळत झालेला बदल ध्यानात येईल. मुलाखतीत कोण बोलत आहे, गाव कोणते, वर्ष कोणते, हेही लिहून ठेवावे. अनामिक आवाज पुढच्या पिढीला परकाच वाटेल.

दीक्षेच्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलाखती पुन्हा घेण्याची संधी दरवर्षी आटत चालली आहे. सर्व संस्कार अनित्य आहेत, हे तथागतांनी शिकवले. त्याबरोबरच अप्रमादही शिकवला. तेव्हा येत्या भीमजयंतीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपली जुनी डिस्क उघडावी, दोन फायली अथपासून इतिपर्यंत ऐकून पाहाव्यात आणि त्याच दिवशी दुसरी प्रत करावी. ज्यांना हे तंत्र अवगत आहे अशा तरुणांनी जयंतीच्या मंडपात एक टेबल त्यासाठी राखून ठेवावे.