दिसत नाही म्हणून निर्धास्त?

२०२० सालच्या साथीने घराघरांत ज्या नव्या वस्तू आणल्या, त्यांत जंबुपार किरणांच्या, म्हणजेच ‘अल्ट्राव्हायोलेट’च्या, पेट्याही होत्या. जंतुनाशक ट्यूब, चोक आणि एखादा जुना डबा एवढ्या सामग्रीवर अनेक हौशी मंडळींनी नोटा व चाव्या निर्जंतुक करण्याची सोय घरीच केली. साथ ओसरली, पण ही हौस टिकून आहे. सर्किट बोर्ड बनवणारे विद्यार्थी आणि स्क्रीन प्रिंटिंगचे छोटे व्यावसायिकही असे दिवे स्वतः जोडतात. या धडपडीचे कौतुकच केले पाहिजे. परंतु तिच्याबरोबर जी सावधगिरी यायला हवी, ती आलेली दिसत नाही.

या किरणांचा खरा धोका असा की, ते आगाऊ सूचना देत नाहीत. विस्तवाची झळ लागताच हात मागे येतो. येथे मात्र डोळ्यांना दिसतो तो केवळ मंद निळसर उजेड. जंतू मारणारे २५४ नॅनोमीटरचे किरण दिसतही नाहीत आणि जाणवतही नाहीत. काही तासांनंतर, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू होते. वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांना हा अनुभव परिचयाचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हाँगकाँग येथील एका समारंभात अशाच दिव्यांमुळे अनेक पाहुण्यांच्या डोळ्यांना इजा झाली. ही इजा सहसा एक-दोन दिवसांत भरून येते. पण हे किरण कर्करोगास कारणीभूत ठरतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेनुसार २५४ नॅनोमीटरच्या किरणांचा आठ तासांतील एकूण मारा दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिजूलपेक्षा अधिक असू नये. तीस वॅटच्या उघड्या जंतुनाशक ट्यूबपासून एक मीटरवर उभे राहिल्यास दिवसभराचा हा वाटा सुमारे एका मिनिटात संपतो. पेटीत हात घालणाऱ्याला तर काही सेकंदच पुरतात.

म्हणून पहिली दक्षता निवडीची. सर्किट बोर्डासाठी लागणारी सौम्य ट्यूब आणि जंतुनाशक ट्यूब यांची लांबी व पिना अनेकदा सारख्याच असतात. एकीच्या जागी दुसरी सहज बसते. ट्यूबवरील खूण वाचल्याशिवाय ती जोडू नये. दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची दक्षता पेटीची. ती अपारदर्शक असावी आणि झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच तिला असलाच पाहिजे. दिवा लागला आहे की नाही, हे डोकावून न पाहता बाहेरच्या छोट्या दर्शक दिव्यावरून कळावे. धातूच्या पेटीला अर्थिंग हवे. काही ट्यूब ओझोन वायू निर्माण करतात, म्हणून खोली हवेशीर हवी. बाजूंनीही झाकणारा संरक्षक चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे चाचणीच्या वेळी आवश्यकच आहेत; पण त्यांचा क्रम शेवटचा. चष्मा विसरता येतो. झाकणाचा स्विच विसरत नाही. शिवाय पेटी बनवणाऱ्याला धोका ठाऊक असतो, ती कुतूहलाने उघडणाऱ्या धाकट्या भावंडाला तो ठाऊक नसतो.

अशा प्रयोगांवर बंदी घालावी, असे कोणी सुचवील. आम्हांस ते मान्य नाही. बंदीने प्रयोग थांबत नाहीत. ते शिक्षकांच्या नजरेआड होतात, एवढेच. त्यापेक्षा शाळा-महाविद्यालयांनी विज्ञान प्रदर्शनासाठी एक साधा नियम करावा: उघडा जंबुपार दिवा असलेले किंवा झाकणाला स्विच नसलेले उपकरण मांडू देऊ नये, आणि गुण देताना सुरक्षिततेची रचना हा उपकरणाचाच भाग मानावा. पेटी चालते की नाही, एवढेच पाहून पाठ थोपटणाऱ्या परीक्षकाने ती उघडल्यावर बंद पडते की नाही, हेही पाहिले पाहिजे. विद्यार्थ्यांची दृष्टी जपण्यासाठी एका स्विचचा खर्च कोणत्याही संस्थेला जड नाही.