‘दिसत नाही’ म्हणजे काय?

केरी गावच्या देवळाच्या सभामंडपात मध्यंतरी एक लघुपट दाखविण्यात आला. गावातल्याच एका तरुणाने तो घेतला होता. विषय आपणां सर्वांच्या परिचयाचा : रात्रीची पालखी. ह्या तरुणाने विजेचे दिवे मालवावयास लावून दिवट्यांच्या उजेडातच सारे चित्रण केले होते. लघुपट संपतो न संपतो तोच मागून आवाज आला, “कितेंच दिसना!” आणि पुढील वर्षी प्रखर झोतदिवे लावून तो पुन्हा घ्यावा, असे एकमताने ठरले. एकमताने अशासाठी की आम्हीही गप्प बसलो. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

आरोप शाबीत करण्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर असते, असे आमचा व्यवसाय सांगतो. तेव्हा आम्ही विचारतो, काय दिसले नाही? पालखी दिसली. दांड्याला खांदा देणाऱ्याच्या कपाळावरील घाम दिसला. हात जोडलेल्या म्हातारीचे डोळे दिसले. दिसली नाही ती प्लास्टिकची कमान आणि मान्यवरांच्या खुर्च्यांची रांग! खरी तक्रार हीच असेल, तर ती तशी स्पष्ट मांडावी. कलेच्या माथी मारू नये.

दिवटीची ज्योत आणि दहा हातांवरचा चेहरा ह्यांतील उजेडाची तफावत कॅमेऱ्याला एकाच वेळी सहसा पेलत नाही. चेहरा उजळावा तर ज्योतीचा पांढरा ठिपका होतो. ज्योत सांभाळावी तर चेहरा काळोखात बुडतो. झोतदिव्यांनी हा पेच सुटतो खरा, परंतु मग दिवटी दिवसा लावलेल्या समईसारखी निरर्थक होते. ह्या तरुणाने ज्योत सांभाळली आणि चेहरे तिच्याजवळ येण्याची वाट पाहिली. हे अज्ञान नव्हे, हा निर्णय होता.

असे निर्णय घेणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे थोर आहे. १९३४ साली ‘प्रभात’च्या ‘अमृतमंथन’मध्ये शांताराम आणि छायालेखक केशवराव धायबर ह्यांनी राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखविला. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी काशीच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावे लागले, तेव्हा सुब्रत मित्र ह्यांनी वर कापड ताणून त्यावर दिव्यांचा प्रकाश परावर्तित केला आणि बिनसावलीचा, आभाळातून झिरपल्यासारखा उजेड खाली उतरविला. कोकणीभाषी सारस्वत कुटुंबातील गुरुदत्त ह्यांच्या ‘कागज के फूल’साठी (१९५९) व्ही. के. मूर्ती ह्यांनी दोन आरशांच्या साह्याने खरे ऊन स्टुडिओच्या अंधारात आणले. चित्रपट तिकीटबारीवर कोसळला. तो प्रकाशझोत मात्र आजही अभ्यासला जातो. त्याच मूर्तींना पुढे २००८ सालचा फाळके पुरस्कार मिळाला, आणि तो मिळविणारे ते पहिलेच छायालेखक ठरले.

त्या काळी फिल्म रसायनशाळेतून धुऊन येईपर्यंत छायालेखकाचा जीव टांगणीला लागे. आज चित्र तेथल्या तेथे पाहता येते. यंत्राची जोखीम घटली. उरली ती लोकमताची. तीही आपण असह्य करून ठेवणार काय?

अंधार म्हणजेच कला, असे आमचे म्हणणे नाही. जेथे डोळ्याला धरावयास काहीच मिळत नाही, तो गलथानपणा, आणि त्याची गय करू नये. परंतु धाडस आणि गलथानपणा ह्यांतला भेद न्याहाळून पाहिल्यावाचून कळत नाही, आणि आपण तर पहिल्याच पाच मिनिटांत निकाल दिला.

हा निकाल देणारे आपण कोण? गाभाऱ्यातील समईच्या उजेडात देवाचे मुख शोधणारे! तेथे डोळे सरावेपर्यंत आपण उंबरठ्याशी उभे राहतो. मग हळूहळू मूर्ती प्रकट होते. त्याला आपण दर्शन म्हणतो. “देव दिसत नाही, झोतदिवा आणा” असे तेथे कोणी ओरडत नाही. पडद्यापुढे तेवढा धीर आपल्याला का धरवत नाही?

आमची मागणी एवढीच : तो ठराव मागे घ्यावा. लघुपट पुन्हा दाखवावा, आणि त्या वेळी सभामंडपातील नळीदिवे तेवढे मालवावेत. त्या रात्री ते चालूच होते.