विश्लेषण : सात दशकांनंतरही ‘गीतरामायण’ कानाला जवळचे का वाटते?

रामनवमी आली की पुण्यातील सभागृहांत आणि मोबाइलवर ‘गीतरामायण’ पुन्हा वाजू लागते. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचा १९५५ मध्ये जन्मही झालेला नव्हता, त्यामुळे ‘जुन्या आठवणी’ हे कारण त्यांना लागू होत नाही. शब्द आणि चालींइतकाच त्या ध्वनिमुद्रणाचाही यात वाटा आहे. जुनी गाणी ‘स्वच्छ’ करणारी सॉफ्टवेअर हाताशी आल्याने आता तोच धोक्यात येऊ शकतो.

प्रयोग काय होता?

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. तेथून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’चे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांची गीते, सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभर दर आठवड्याला नवे गीत, एकूण ५६. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके असे अनेक आवाज त्यात होते. पुढे ध्वनिमुद्रिकांवर आले ते फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील ‘गीतरामायण’.

७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपत असे. रेडिओवर ती कात्री नव्हती, म्हणून कथा सांगणारी अनेक कडव्यांची गीते शक्य झाली.

तेव्हाचे ध्वनिमुद्रण वेगळे कसे?

आज प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर, अनेकदा वेगळ्या दिवशी रेकॉर्ड होते. त्या काळी गायक आणि वादक एकाच खोलीत, एकाच वेळी गात-वाजवत. कोणाचा आवाज किती, हे मुख्यतः मायक्रोफोनपासूनच्या अंतरावर ठरे. गायक पुढे, वाद्ये मागे. नंतर दुरुस्तीला वाव नसल्याने तालीम पक्की लागे आणि सगळे एकमेकांचे ऐकून वाजवत. गायकाने किंचित थांबावे आणि व्हायोलिननेही त्याच्यासोबत थांबावे, ही सोबत आपल्याला जाणवते.

मोबाइलवरही ती का खुलतात?

मीडियम वेव्ह रेडिओवरून आवाजाचा मर्यादित पट्टाच पोहोचत असे. फार खर्ज आणि फार तीव्र स्वर गळून जात. त्यामुळे गाण्याचा भार माणसाच्या आवाजावर असे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरलाही खर्ज झेपत नाही, पण माणसाचा आवाज तो नीट पोहोचवतो.

अमेरिकेतील सोल संगीताचे असेच आहे. डेट्रॉइटची मोटाउन कंपनी कारच्या रेडिओसारख्या लहान स्पीकरवर गाणी तपासून पाहत असे. मेंफिसमधील स्टॅक्सचा स्टुडिओ जुन्या चित्रपटगृहात होता आणि त्या उतरत्या जमिनीच्या खोलीचा नाद गाण्यांत उतरला. एमी वाइनहाउसच्या २००६ मधील ‘बॅक टु ब्लॅक’ अल्बमची काही गाणी ब्रुकलिनच्या डॅपटोन स्टुडिओत टेपवर रेकॉर्ड झाली, ती याच आवाजासाठी.

‘स्वच्छ’ केल्याने काय बिघडते?

टेपची खरखर हा दोषच आहे. तो माफक कमी करण्यात गैर काही नाही. मात्र खरखर आणि श्वास, तानपुऱ्याची झार, खोलीचा नाद हे सारे एकमेकांत मिसळलेले असते. गाळणी कडक केली की तेही जाते. त्यावर आवाज सरसकट मोठा केला, तर हळू आणि मोठ्या स्वरांतील फरक पुसला जातो. गाणे चकचकीत होते, पण सपाट.

कायदा काय सांगतो?

भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९५० च्या दशकात प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क संपले आहेत. गीत-संगीताचे हक्क मात्र वेगळे असून ते निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात. माडगूळकरांचे निधन १९७७ मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत. फडके यांचे २००२ मध्ये, म्हणजे संगीतावरील हक्क २०६२ अखेरपर्यंत.

मग उपाय काय?

चुंबकीय टेप कालांतराने खराब होते, त्यामुळे डिजिटल प्रत करणे अटळ आहे. मात्र पहिली प्रत कोणताही बदल न करता जपायला हवी. सुधारित आवृत्त्या त्यानंतर कितीही काढता येतील. एकदा गाळलेला श्वास गाळलेल्या प्रतीतून परत मिळत नाही.