कर्ज मिळेल, गिऱ्हाईक कोण देणार?

‘नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा’ हे वाक्य आता दर जयंतीला स्टेजवरून ऐकू येते. सरकारी भरती आटवून कंत्राटीकरण आणणारेच ते जास्त जोरात म्हणतात. आरक्षणाचा विसर पडावा म्हणून हे गाजर असेल, तर ते आम्हाला नको. पण म्हणून उद्योगच नको म्हणणारे आमचे काही मित्रही चुकतात. जातीने आमची विद्या अडवली तशी बाजारपेठही अडवली. ती सोडून द्यायची काय?

२०२५ च्या अर्थसंकल्पात पहिल्यांदाच उद्योग करणाऱ्या महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ५ लाख लोकांसाठी २ कोटींपर्यंतचे मुदत कर्ज जाहीर झाले. चांगले आहे. पण मुदत कर्जातून मशीन येते, गिऱ्हाईक येत नाही. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये बाजारपेठेचा रकाना दोन ओळींत उरकतात : ‘मागणी भरपूर आहे.’ असेल, पण आमच्याकडून घ्यायला कोण तयार आहे? व्यापारी घरातल्या पोराला पहिला माल मामा उधारीवर देतो, पहिली ऑर्डर काकाच्या ओळखीने येते. त्याच्या रिपोर्टमध्ये हे भांडवल लिहिलेले नसते, कारण लिहायची गरजच नसते.

बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात लागण्यापूर्वी मुंबईत शेअर्स आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. अर्थशास्त्रातला एवढा मोठा विद्वान! जात कळली आणि गिऱ्हाईक फिरले. तिथे ज्ञान कमी पडले होते का?

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल टाकले, तेव्हाही अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा पिऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले. महाराजांनी नुसते भांडवल देऊन हात झटकले नाहीत, ते गिऱ्हाईक झाले. आजच्या योजनांमध्ये नेमके हेच हरवले आहे.

निदान कायद्याने सरकारला गिऱ्हाईक व्हावे लागते. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची आहे. हे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरे राहते. नोकरीतल्या अनुशेषासाठी आपण मोर्चे काढतो, या अनुशेषासाठी किती काढले?

म्हणून नियोजन करताना आधी दहा गिऱ्हाइकांची नावे लिहा. त्यातले वस्तीबाहेरचे किती ते मोजा. सरकारी बिल उशिरा निघते, तोवर मजुरी आणि हप्ता कशातून द्यायचा ते लिहा. ही रक्कम हातात नसेल तर मशीनचा आकार कमी करा. उद्घाटनाचा मांडव तर नकोच.

आणि एक. गावातला कोणी बडा माणूस ‘५१ टक्के तुझ्या नावावर, बाकी मी बघतो’ म्हणत घरी आला, तर चहा पाजून परत पाठवा. त्याला भागीदार नको आहे, तुमचा जातीचा दाखला हवा आहे. धंदा तो करणार, नफा तो नेणार. कर्ज थकले की बँकेची नोटीस मात्र तुमच्या दारावर लागते, सिबिल तुमचे बिघडते, आणि पुढे खरोखर स्वतःचा धंदा काढायचा म्हटले तर तीच बँक तुम्हाला दारात उभे करत नाही.