नवी रायफल किती किलोची? उत्तर गुडघ्यांना विचारा

लष्करभरतीचे दिवस जवळ आले की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक पेशंट येतो. वय अठरा-एकोणीस, सडपातळ, एका पायावर जरा लंगडत. सोबत वडील. मागच्या वेळी आलेल्या वडिलांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं, "डॉक्टरांनू, झिलाची नडगी दुखता. पुढच्या म्हयन्यात भरती आसा, काय तरी करा." (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

नडगीवर अंगठ्यानं दाबत गेलो. एका ठिकाणी, दोन बोटं मावतील एवढ्याच जागेत, मुलगा कळवळला. तो रोज पहाटे चिवला किनाऱ्यावर धावायचा, आणि तेसुद्धा कॉलेजच्या बॅगेत दहा-बारा किलो वाळू भरून! का, असं विचारलं तर म्हणाला, "सर, आता नवीन रायफली आल्यात, जड असतात म्हणे. आत्तापासून सवय केलेली बरी."

मी शस्त्रांचा जाणकार नाही. पण ओझं उचलणारं शरीर हा माझा विषय आहे. म्हणून आज थोडं मतप्रदर्शन करतो.

रायफल खरंच जड झाली आहे का?

आपल्या पायदळाकडे १९९० च्या दशकापासून इन्सास रायफल होती. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेनं ती तयार केली. वजन चार किलोच्या थोडं वर. तिच्या जागी दोन रायफली येत आहेत. एक अमेरिकी बनावटीची सिग ७१६. २०१९ मध्ये ७२,४०० आणि २०२४ मध्ये आणखी ७३,००० रायफलींचा करार झाला. दुसरी एके-२०३, जी रशियाच्या सहकार्यानं उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा इथे बनते. या दोन्हींचं वजन ३.८ किलोच्या आसपास आहे. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात एआरडीईनं 'उग्रम' नावाची रायफल दाखवली, तीही चार किलोच्या आतली.

म्हणजे नवी रायफल जुनीपेक्षा किंचित हलकीच. मग तक्रार कसली?

गोम अशी आहे, की कागदावर छापलेलं वजन रिकाम्या रायफलचं असतं. रिकामी रायफल घेऊन कोणी लढाईला जात नाही. भरलेलं मॅगझिन, वरची दुर्बीण, पट्टा, रात्री दिसण्याचं उपकरण हे सगळं त्यात मिळवावं लागतं. आणि खरा फरक पडतो तो काडतुसात.

इन्सासचं ५.५६ मि.मी.चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं. सिग ७१६ आणि उग्रमचं ७.६२ × ५१ मि.मी.चं काडतूस साधारण २४ ग्रॅमचं, म्हणजे दुप्पट. एके-२०३ चं काडतूस मधलं, १६-१७ ग्रॅमचं. शंभर काडतुसं घेतली तर कुठे १.२ किलो आणि कुठे २.४ किलो. रायफलमध्ये वाचलेले दोन-तीनशे ग्रॅम काडतुसांच्या पहिल्या दोन मॅगझिनमध्येच संपले.

अमेरिकेतही सध्या हाच वाद आहे. तिथल्या लष्करानं २०२२ मध्ये निवडलेली नवी ६.८ मि.मी.ची रायफल रिकामी ३.८ किलोची, आणि आवाज दाबणारी नळी लावली की साडेचार किलोच्या घरात जाते. आधीची एम-४ रिकामी तीन किलोच्या आतच होती. तिथल्या जवानाकडे पूर्वी २१० काडतुसं असायची, आता १४०. २०२५ मध्ये त्यांच्याच एका कॅप्टननं यावर जाहीर आक्षेप घेतला. कंपनीनं ते आक्षेप फेटाळले. कोण बरोबर ते तज्ज्ञ ठरवतील. पण वजन वाढलं की दोनच गोष्टी होतात, जवान जास्त ओझं उचलतो किंवा कमी काडतुसं नेतो. तिसरी वाट नाही.

चला, बेरीज करू

एक ढोबळ हिशोब करून बघा. दुर्बीण आणि भरल्या मॅगझिनसह रायफल ५ किलो. आणखी सहा भरलेली मॅगझिनं ४ किलो. गोळीरोधक जॅकेट ९ किलो धरू. (डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं २०२४ मध्ये विकसित केलेलं 'अभेद' हे हलकं मानलं जाणारं जॅकेटसुद्धा प्रकारानुसार ८.२ ते ९.५ किलोचं आहे.) हेल्मेट दीड किलो. दोन लिटर पाणी दोन किलो. झाले साडेएकवीस किलो. यात हातबॉम्ब, वायरलेस, बॅटऱ्या, प्रथमोपचाराचं साहित्य, खाणं आणि थंडीचे कपडे धरलेलेच नाहीत. ते धरले की आकडा घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरजवळ, म्हणजे तीस किलोपर्यंत सहज जातो. सिलिंडर दारातून स्वयंपाकघरात नेताना आपली काय अवस्था होते ते आठवा. जवान तेवढं घेऊन चढ चढतो.

अमेरिकी लष्कराच्या जुन्या मार्गदर्शिकेत एक साधा नियम आहे. लढताना अंगावरचं ओझं शरीराच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि कूच करताना ४५ टक्क्यांपर्यंत असावं. आपला जवान ६५ किलोचा धरला तर ३० टक्के म्हणजे साडेएकोणीस किलो. आपली बेरीज पाठीवर पिशवी चढवण्याआधीच त्यापुढे गेली. सहा फुटी, ऐंशी किलोच्या माणसाला जे ओझं पेलतं ते आपल्याकडच्या साठ-पासष्ट किलोच्या मुलाला तेवढंच सोपं जाईल, असं नाही.

शरीर हे वजन कसं मोजतं?

वजनकाटा फक्त किलो मोजतो. शरीर ते किलो कुठे आहेत हेही मोजतं. पाठीवर, धडाजवळ असलेलं वजन सर्वांत स्वस्त पडतं. तेच हातात धरून चाललं तर त्यासाठी साधारण दीड ते दोनपट शक्ती लागते, आणि पायात असेल तर चार ते सहापट. हे १९६९ मध्येच प्रयोग करून मोजलेलं आहे. डोक्यावर माशांची पाटी घेऊन झपाझप चालणारी आपली कोळीण हातात दोन पिशव्या दिल्या की लवकर का दमते, याचं उत्तर यातच आहे.

रायफल ही सतत हातात आणि शरीराच्या पुढे धरायची वस्तू. म्हणून तिचा एक किलो पाठीवरच्या एक किलोपेक्षा महाग पडतो. खांदे पुढे ओढले जातात, मान ताठते, दंड थकतात आणि थकलेला हात नेम धरताना थरथरतो. उंचीवर हे आणखी कठीण होतं, कारण विरळ हवेत शरीराची काम करण्याची क्षमताच घटते.

अशा ओझ्यामुळे होणारे मुख्य त्रास असे:

• हाडाला बारीक तडा (स्ट्रेस फ्रॅक्चर). हाड ही जिवंत गोष्ट आहे. ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग नवं, मजबूत भरतं. पोखरणं काही आठवड्यांत होतं, भरायला महिने लागतात. या मधल्या काळात हाड कच्चं असतं. तेव्हाच ओझं वाढवलं की तडा जातो. सैनिकांच्या पायातला हा त्रास १८५५ मध्ये प्रशियाच्या एका लष्करी डॉक्टरनं नोंदवला, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता.

• नसा दबणं. पट्ट्यांमुळे खांद्यातल्या नसा दबून हात बधिर होतो, हात वर उचलताना ताकद लागत नाही. कमरेचा पट्टा घट्ट असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आणि जळजळ होते.

• कंबर आणि गुडघे. हे लगेच कळत नाही. उतारावर ओझ्यासह टाकलेलं प्रत्येक पाऊल गुडघ्यावर आदळतं, त्याचा हिशोब चाळिशीनंतर येतो. माझ्याकडे येणारे निवृत्त जवान जिना उतरताना कठडा धरतात, चढताना नाही. ते यामुळेच.

• उष्माघात. ओझं म्हणजे जास्त मेहनत, आणि जॅकेटमुळे घाम वाळत नाही. कोकणासारख्या दमट हवेत हा धोका अधिकच.

मग हलकी रायफलच का देत नाहीत?

हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही रास्त आहे. जड गोळी लांबवर जाते आणि जोरात लागते. डोंगरी सीमेवर समोरचा चारशे-पाचशे मीटरवर असेल आणि त्यानंही जॅकेट घातलेलं असेल, तर लहान गोळी अपुरी पडू शकते. जॅकेटचं वजन जीव वाचवतं. त्यामुळे 'सगळं हलकं करा' असं म्हणणं सोपं असलं तरी शहाणपणाचं नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. रायफल, जॅकेट, वायरलेस, रात्रीची दुर्बीण यांची खरेदी वेगवेगळी होते, पण उचलणारा खांदा एकच असतो. म्हणून कुठलीही नवी वस्तू घेताना तिच्या वजनाबरोबर जवानाच्या अंगावरची एकूण बेरीज मांडली जावी. एक किलो वाढवायचा असेल तर दुसरीकडून एक किलो कमी कुठून करणार, हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आपल्या शेजारी बेळगावला आहे. त्या नावातल्या 'लाइट' शब्दाचा मूळ अर्थच कमी ओझ्याचं, चपळ पायदळ असा. चपळता हेही एक कवचच आहे. आडोशापर्यंत दोन सेकंद आधी पोहोचणारा जवान वाचतो.

दुसरी गोष्ट, हे बिल शेवटी कोण भरणार? अग्निवीर योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होतात. बाकीची बावीस-पंचविसाव्या वर्षी गावी परततील. माजी सैनिकांना मिळणारी ईसीएचएस ही आरोग्य योजना त्यांना नाही. सेवेत आलेल्या अपंगत्वाची भरपाई आहे, पण ती अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार. हळूहळू झिजणारा गुडघा किंवा कुरकुरणारी कंबर त्यात बसणं कठीण. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. या मुलांच्या हाडा-सांध्यांची बाहेर पडतानाची तपासणी नीट व्हावी आणि तिची प्रत त्यांच्या हातात मिळावी, एवढी तरी मागणी आपण करायला हवी.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

१. भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटर धावणं, पुलअप्स, खंदक उडी आणि तोल सांभाळणं असतं. पाठीवर ओझं नसतं. ओझं प्रशिक्षणात टप्प्याटप्प्यानं येतं. वाळूची पिशवी आज उचलून काहीही मिळणार नाही.

२. धावण्याचं अंतर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. एक दिवस पूर्ण विश्रांती.

३. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेनं धावलात तर एका पायावर सतत जास्त ताण येतो. जाताना-येताना दोन्ही दिशांनी धावा. मऊ वाळूपेक्षा ओल्या, घट्ट वाळूवर धावणं बरं, आणि काही दिवस सरळ मैदानावर.

४. पोटऱ्या, मांड्या आणि कंबर बळकट करणारे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करा.

५. उपाशी धावू नका. मासे, अंडी, नाचणी, दूध, डाळ हे सगळं आपल्या घरात आहे.

६. दुखणं एकाच बिंदूवर असेल, त्या पायावर उडी मारताना चमकत असेल किंवा रात्री झोपेतही जाणवत असेल, तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. जांघेत दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका, तिथला तडा धोकादायक असतो. वेदनाशामक गोळी खाऊन धावणं म्हणजे धोक्याचा दिवा फोडून गाडी हाकणं.

आणि एक लक्षात ठेवा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. 'फोटोत काय नाय' म्हणजे काही नाही, असं समजू नका.

सेवेत असलेल्यांनी दुखणं अंगावर काढू नये. युनिटच्या डॉक्टरकडे दाखवा आणि नोंद करून घ्या. वीस वर्षांनी तोच कागद उपयोगी पडतो.

त्या मुलाचा एक्स-रेही स्वच्छ होता, एमआरआयमध्ये नडगीला तडा दिसला. सात आठवडे धावणं बंद केलं, ती भरती हुकली. वडील माझ्यावर थोडे नाराज झाले, मुलगा जास्त. वय हातात होतं म्हणून मी ठाम राहिलो. आता तो पुन्हा धावतो आहे, बॅगेशिवाय. किनाऱ्यावर असा बॅगवाला मुलगा तुम्हाला दिसला तर त्याला थांबवा आणि हे सांगा. ओझं त्याला पुढे उचलायचंच आहे, त्यासाठी आधी हाडं शाबूत राहू देत.