वळवाचे आभाळ आणि छातीतली उसण

मेच्या उत्तरार्धात मालेगावात पारा 42-43 अंशांवर टेकलेला असतो. एखाद्या दुपारी मोसम नदीच्या अंगाने धुळीचा लोट उठतो, आभाळ काळवंडते आणि वळीव कोसळतो. अशा दिवशी घरातला विशीतला, उंच, सडपातळ मुलगा छातीच्या एका बाजूस हात धरून बसला, तर वडीलधारी मंडळी ‘हवा बदलली, उसण भरली’ असे म्हणून शेक देऊ लागतात. वाचकहो, या म्हणण्यात हवेचा वाटा कितपत असतो, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण अशा उसणीमागे कधी कधी मिटलेले फुप्फुस असते.

फुप्फुसावर दोन पातळ आवरणे असतात. काही तरुणांच्या फुप्फुसाच्या शेंड्याजवळ हवेचे बारीक फुगे तयार होतात. त्यांतला एखादा फुटला की हवा दोन आवरणांच्या मधल्या फटीत शिरते आणि फुप्फुस आकसते. बाहेरचा दाब एकाएकी घटला, तर फुग्यात कोंडलेली हवा प्रसरण पावून तो फुटत असावा, असा तर्क अनेक वैद्यांनी केला. काही देशांतील पाहण्यांत दाब उतरल्यानंतर वा गडगडाटी वादळानंतर असे रुग्ण लागोपाठ आल्याचे दिसले. इतर पाहण्यांत मात्र असा काहीच संबंध आढळला नाही.

माझा कल साशंकतेकडे आहे. आपल्या प्रदेशात सकाळी दहाच्या सुमारास हवेचा दाब चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत तो दोन-चार मिलिबारने उतरतो. हे रोजचेच आहे. वळवाच्या वादळातही तो काही मिलिबारच खाली-वर होतो. उलट, मुंबईहून मालेगावास परतताना आपण कसारा घाटात सुमारे 300 मीटर चढतो, तेव्हा तो 30 मिलिबारहून अधिक घटतो, आणि गाडीतील कोणास त्याची जाणीवही होत नाही! तेव्हा हवामान फार तर शेवटचा धक्का देत असेल. दुबळी जागा आधीच तयार असते. ती दुबळी करणाऱ्यांत विडी-सिगारेट अग्रभागी आहे.

पोक्त वयाच्या माणसाची गोष्ट निराळी. क्षयाने वा जुनाट दम्यासारख्या विकाराने जर्जर झालेले फुप्फुस फुटले, तर थोडी हवा शिरली तरी जीव घाबरा होतो. यंत्रमागांच्या या गावात वर्षानुवर्षे तंतूंच्या धुळीत श्वास घेतलेली माणसे घरोघरी आहेत. हिवाळ्यात त्यांचा खोकला बळावतो, तेव्हा घरच्यांनी अधिक सावध असावे.

लचक भरलेली जागा दाबली वा अंग वळवले की बहुधा दुखते. येथे मात्र विसावलेल्या माणसास अकस्मात एका बाजूस कळ येते, दीर्घ श्वासासरशी ती वाढते आणि सोबत धाप लागते. अशा वेळी शेक, चोळणे, वायूचे चूर्ण यांत रात्र घालवू नये. छातीचा एक्स-रे बहुधा निदान करून देतो. ओठ निळसर दिसू लागले, घाम फुटून नाडी धावू लागली, तर 108 ला दूरध्वनी करावा. दाबाखाली कोंडलेली ही हवा हृदयावरही दडपण आणते आणि सुई वा नळी घालून ती तातडीने काढावी लागते.

थोडी हवा असेल, तर पुष्कळदा नुसत्या देखरेखीखाली ती जिरते. पण एकदा मिटलेले फुप्फुस पुन्हा मिटण्याचा संभव बराच असतो. विडी त्याच दिवशी सोडावी, आणि फुप्फुस पूर्ण उलगडल्याचे एक्स-रेत दिसून डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.