कानाची खिडकी : खालच्या सुराची माणसं

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. गाणं सुरू झालं की तुम्ही सगळ्यांत आधी कोणाला ऐकता? गायकाला. मग? ढोलकीला, नाहीतर ड्रमला. त्यानंतर बासरी, गिटार, की-बोर्ड. बरं, आता सांगा, या सगळ्यांच्या खाली, अगदी जमिनीलगत जो जाड सूर चालत असतो, तो कोण वाजवतं?

नाही ना आलं उत्तर? लाजू नका. मलाही शाळा संपेपर्यंत येत नव्हतं. आणि गंमत म्हणजे तो सूर वाजवणारा माणूस आमच्या घरातच होता!

आमचं गाव सोनगीर. धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघालं की किल्ल्याची टेकडी दिसते ना, तेच. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. माझा मामा लग्नाच्या बँडमध्ये होता. त्याच्याकडे सगळ्यांत मोठं पितळी वाद्य. अंगाभोवती गुंडाळलेलं, तोंड कढईएवढं. आम्ही पोरं त्याला भोंगा म्हणायचो. पुढे क्लॅरिनेटवाला फिल्मी गाणं वाजवायचा, लोक त्याच्यावरून नोटा ओवाळायचे. मामा शेवटच्या रांगेत, गाल फुगवून नुसतं पों... पों... मित्र मला चिडवायचे. एकदा तर मी वर्गात चक्क सांगितलं, की बँडमधला तो माणूस माझा कोणी नाही. हे आजही लिहिताना बरं वाटत नाही.

मग एका लग्नात मामा तापाने आजारी पडला. बँड त्याच्याशिवाय गेला. गाणी तीच, क्लॅरिनेट तेच, ताशाही तोच. पण वरातीत नाच काही रंगेना. पोरं दोन पावलं नाचायची आणि थांबायची. काय कमी आहे, ते कोणालाच सांगता येईना. घरी येऊन मी मामाला हे सांगितलं. तो गोधडीतूनच हसला आणि अहिराणीत म्हणाला, "तुले ऐकू नही उनं, पन तुना पायेसले ऐकू उनं." म्हणजे तुझ्या कानाला माझा सूर कधी कळला नाही, पण पायांना कळत होता!

पुढे मी पुण्याला शिकायला गेलो. होस्टेलवर एका मित्राकडे मोठे स्पीकर होते. त्याने अमेरिकेतल्या १९६० च्या दशकातल्या रॉक आणि सोल संगीताची कॅसेट लावली. (सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्याची आर्तता आणि नाचाचा ठेका यांचं मिश्रण.) गाणं कळलं नाही, पण खालून काहीतरी छातीत धडधडायला लागलं. मी ओरडलो, "अरे, हा तर मामाचा भोंगा!" मित्र म्हणाला, "भोंगा नाही रे, बेस गिटार."

आता थोडं विज्ञान. आमच्या तांबट आळीत लहान तांब्यावर हातोडी पडली की 'ठिण' होतं आणि मोठ्या हंड्यावर पडली की 'ठण्ण'. तारेचंही तसंच. बेस गिटारला बहुधा चारच तारा असतात, पण साध्या गिटारच्या तारांपेक्षा जाड आणि लांब. कंप पावणारी लांबी सुमारे ८६ सेंटिमीटर. सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. साध्या गिटारची सर्वांत जाड तार थरथरते ८२ वेळा, म्हणजे बरोबर दुप्पट. इतका खालचा सूर काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते. ट्रान्झिस्टरच्या किंवा मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला ते झेपतच नाही. आपण गावाकडे वर्षानुवर्षं रेडिओवर गाणी ऐकली, पण त्यातला हा मूळ सूर आपल्यापर्यंत पुरता पोचलाच नव्हता! तरी चाल तुटक वाटत नाही, कारण मूळ सुराबरोबर निघणारे वरचे सूर ऐकून आपला मेंदू खालची रिकामी जागा स्वतःच भरून काढतो. आहे की नाही कमाल?

बेस गिटार तशी नवीच. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ती बाजारात आणली. त्याआधी माणसाएवढा उभा डबल बेस घेऊन फिरावं लागे. या नव्या वाद्याला त्याची भाषा मिळाली ती १९६० च्या दशकात. त्या दशकातले माझे पाच लाडके वादक तुम्हाला भेटवतो.

पहिले पॉल मॅकार्टनी, इंग्लंडच्या 'बीटल्स'चे. १९६१ मध्ये त्यांचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बँड सोडून गेला आणि ते मागचं काम कोणालाच नको होतं. शेवटी पॉलनी घेतलं. ते डावखुरे. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी, व्हायोलिनच्या आकाराची बेस त्यांनी विकत घेतली. ती १९७२ मध्ये चोरीला गेली आणि तब्बल ५१ वर्षांनी सापडली. २०२४ मध्ये ही बातमी जगभर झळकली.

दुसऱ्या कॅरल के. चौदाव्या वर्षापासून गिटारच्या शिकवण्या करून घराला हातभार लावणारी मुलगी. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत बेसवादक आलाच नाही. यांनी बेस उचलली आणि पुढे हजारो ध्वनिमुद्रणांत वाजवली. 'बीच बॉईज'च्या कितीतरी गाण्यांत त्या आहेत. स्टुडिओत बहुतेक वेळा त्या एकट्याच बाई असत. मुलींनो, ऐकताय ना?

तिसरे डोनाल्ड 'डक' डन, मेम्फिसचे. त्या काळी तिथे गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका हॉटेलात शेजारी बसून जेवणंही अवघड होतं. तशा शहरात यांच्या बँडमध्ये दोन काळे आणि दोन गोरे. ओटिस रेडिंगसारख्या गायकामागे ते एका श्वासाने वाजवत. डन यांचं वाजवणं साधं, पण मापात. एक सूर कमी नाही, एक जास्त नाही. २०१२ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असतानाच ते गेले.

चौथे लॅरी ग्रॅहम. ते आपल्या आईच्या बँडमध्ये वाजवायचे. एकदा बँडमध्ये ड्रमवालाच उरला नाही. मग यांनी ड्रमची उणीव भरायला बेसच्या जाड तारेवर अंगठ्याने ठोका द्यायला आणि बारीक तार बोटाने झटक्यात ओढायला सुरुवात केली. अडचणीतून निघालेली ही युक्ती आज जगभरातली मुलं शिकतात.

आणि पाचवे, सगळ्यांत लाडके, जेम्स जेमरसन. जन्म १९३६, साउथ कॅरोलिनातल्या एडिस्टो बेटावरचा. लहानपणी काठीला तार ताणून, ती काठी मुंग्यांच्या वारुळात रोवून ते वाजवायचे आणि म्हणायचे, मी मुंग्यांना नाचवतो, असं सांगतात. आपलं तुणतुणंच की हो! पुढे डेट्रॉइटमध्ये शाळेत डबल बेस शिकले आणि 'मोटाऊन' या रेकॉर्ड कंपनीत लागले. उजव्या हाताच्या फक्त एका बोटाने, तर्जनीने, ते वाजवत. १९६० च्या दशकात या कंपनीची गाणी साऱ्या अमेरिकेत गाजली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी हे एक बोट होतं. लांब इंग्लंडात बसून पॉल मॅकार्टनीही ते मन लावून ऐकत.

पण दोस्तांनो, रेकॉर्डच्या कव्हरवर जेमरसन यांचं नाव नसे. ऐकणाऱ्यांना ते प्रथम नीट वाचायला मिळालं १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या रेकॉर्डवर. १९८३ च्या मार्चमध्ये कंपनीच्या २५ वर्षांचा मोठा सोहळा झाला. मायकेल जॅक्सनने उलट्या पावलांनी सरकण्याचा तो प्रसिद्ध नाच याच सोहळ्यात केला. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना माहीत असेल. ज्यांच्या सुरांवर ही कंपनी उभी राहिली, ते जेमरसन त्या रात्री तिकीट काढून मागे बसले होते, असं सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ४७ व्या वर्षी, ते वारले. मानसन्मान मिळाले ते नंतर.

हे फक्त अमेरिकेतच झालं, असं समजू नका. आपल्या मुंबईच्या सिनेमासंगीतातही तेच. १९७० च्या दशकात राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत बेस गिटार वाजवायचे टोनी वाझ. ती गाणी तुमच्या आई-बाबांना तोंडपाठ आहेत. पण वाझ हे नाव? स्टुडिओतल्या वाद्यवृंदांत गोव्याहून आलेले किती तरी वादक होते. पडद्यावर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं यायची, वाजवणाऱ्यांची सहसा नाही. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने मुंबईत येऊन या वादकांना गाठलं, त्यांच्याशी बोलून २००८ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, तेव्हा बरीच नावं उजेडात आली.

मामा आता थकला आहे. दम पुरत नाही म्हणून बँड सुटला. गेल्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा त्याच्या कानाला चांगले हेडफोन लावले आणि जेमरसन ऐकवले. त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याचा पाय हलायला लागला. गाणं संपल्यावर गायक कोण, गाणं कोणत्या भाषेतलं, असलं त्याने काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "यानं नाव काय शे?"

मी नाव सांगितलं. त्याने दोनदा घोकलं. मग मला शाळेतली ती गोष्ट आठवली आणि इतक्या वर्षांनी मी ती त्याला सांगून टाकली. मामा म्हणाला, "माहीत होतं रे. तुझ्या मित्रांनीच सांगितलं होतं." आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

तर आता या आठवड्याचा अभ्यास. एक आवडतं गाणं घ्या. मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोनवर किंवा मोठ्या स्पीकरवर लावा. पहिल्यांदा गायक ऐका. दुसऱ्यांदा ताल ऐका. तिसऱ्यांदा फक्त खालचा सूर पकडा आणि तो गुणगुणून बघा. पालकांनो, तुम्हीही बसा सोबत, तुमच्या जमान्यातलं गाणं निवडा. आणि यंदा गावात लग्नाची वरात निघाली, तर शेवटच्या रांगेतल्या मोठ्या वाद्यवाल्या काकांजवळ जा आणि त्यांचं नाव विचारा. ते काय म्हणाले, हे मला पत्राने जरूर कळवा. वाट बघतोय!